चादरीखालचा रंधा

४ नोव्हेंबर १९७४, सोमवार

पलीकडच्या कंपनीचा भोंगा शनिवारपासून मुका झाला आहे. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, नगरपालिकेने घेतली नाही, कंपनीने तर नाहीच नाही. तेव्हा मीच नोंदवून ठेवते, की चिंचवड गावठाणातील एका गृहिणीचं राज्य खालसा झालं आहे. पहिल्या भोंग्याला दूध, दुसऱ्याला डाळ, दुपारच्याला सासूबाईंना जेवायला हाक, अशी माझी घटना होती. आज दूध उतू गेलं, डाळ खाली लागली, आणि सा.बा. हाकेआधीच पाटावर येऊन बसल्या. घरात घड्याळ आहे. पण घड्याळाकडे आपण बघावं लागतं. भोंगा आपल्यावर लक्ष ठेवतो.

खरं म्हणजे घरातलाही एक भोंगा बंद आहे. पडवीतलं रंधा मशीन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्यांचं बोट त्यात सापडलं तेव्हापासून त्याच्यावर जुनी चादर. डाव्या हाताचं मधलं बोट, वरचं अर्धं पेर. टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, कामाला लागा. हे लागले, हातरंध्याने. फाउंड्रीची लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, ज्यांच्या फळ्या मशीनवर बोलता बोलता साफ व्हायच्या, त्या हे दिवसभर घासत बसतात. पडवीत सालपटांचा ढीग, मध्ये हे.

का म्हणून विचारलं, तर म्हणतात, "बेअरिंग आवाज करतंय."

चादर पांघरून झोपलेल्या मशीनचं बेअरिंग आवाज करतंय.

६ नोव्हें., बुध.

भोसरीच्या फाउंड्रीचे काळे आले होते. पॅटर्न कधी देता, म्हणून. पडवीत उभे राहून चादरीकडे बघत होते. प्रेताकडे बघतात तसे, टोपी काढली नाही एवढंच.

"मिस्तरी, हाताने कुठवर घासणार? आमच्या स्टोअरला माणूस हवाय. बसून काम. दिवाळीनंतर सांगा."

"बघतो," हे म्हणाले.

आजवर ह्यांनी गिऱ्हाइकाला 'बघतो' म्हटलेलं मी ऐकलं नाही. एक तर 'हो', नाही तर 'चला, उठा'. स्टोअर म्हणजे काय ते मला माहीत आहे. खिळे मोजून द्यायचे, उरलेले मोजून घ्यायचे. ज्याच्या हाताखालून लाकूड आरशासारखं निघतं तो माणूस खिळ्यांचा कारकून होणार.

बेअरिंगचा निकाल लावायला समोरच्या गल्लीतून यूसुफभाईंना बोलावलं. लेथवाले. हे मशीन निम्मं त्यांच्या हातचं, म्हणून ते त्याला 'आपली पोरगी' म्हणतात. त्यांना कळलेली बातमी ते घरी पोचायच्या आत आळंदीला पोचते. चादर न काढताच पट्ट्याच्या बाजूने हात घालून त्यांनी ब्लॉक फिरवला. ब्लॉक म्हणजे ज्यात पाती बसतात तो गोल. लोण्यासारखा फिरला.

"मिस्तरी, बेअरिंग नाही हो बोलत. तुम्ही बोलताय."

"पाती पण बोथट झालीत," हे म्हणाले, आणि स्क्रू आणायला निघून गेले. घरात स्क्रूंचे डबे भरलेले.

जाता जाता: सा.बा. भात घेत नाहीत सध्या. भाकरी मागतात. माझ्या भातावरचा शेरा असावा. समजला.

७ नोव्हें., गुरु.

दर गुरुवारची लाइटीची सुट्टी. सगळा कारखान्यांचा पट्टा गप्प. हे आठवड्यात पहिल्यांदा खुशीत. शीळ घातली. चहा पुन्हा मागितला. दारावरून जाईल त्याला सांगत होते, "आज काय, वीजच नाही!" असं, की जणू वीज असती तर ह्यांनी अख्खं सागाचं जंगल रंधून काढलं असतं. देशात रोज गुरुवार असता तर माझा नवरा सुखी झाला असता.

मला बसवत नाही. कपाट आवरलं. पुन्हा विस्कटलं, पुन्हा आवरलं. अनारशांचं पीठ चाळलं, जे चाळून झालं होतं.

सा.बा. म्हणाल्या, "पायाला भवरा लागलाय का काय तुज्या?"

म्हटलं, घरात काहीतरी फिरायला हवं ना.

९ नोव्हें., शनि.

चादर काढली. मी.

आमच्याकडे लग्नापासून वाटणी आहे: दगड माझा, मशीन ह्यांचं. हे पाती काढून देतात. मी ती लाकडाच्या तिरक्या घोडीत धरून तेलाच्या दगडावर पाजवते. नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर अजून घासा, अडलं तर धार आली. मग परत ह्यांच्या ताब्यात. बसवणं ह्यांचं. त्यात मी कधी पडले नाही, कारण त्यात पडायचं म्हणजे दिवसभर ह्यांचा उपदेश.

सकाळी म्हटलं, "पाती बोथट आहेत ना? काढून द्या. पाजवते."

"तूच काढ," म्हणाले. मशीनकडे बघितलंही नाही. हातरंधा उचलून मागल्या दारी गेले.

यूसुफभाई पाना घेऊन आले. एक पातं एका टोकाने वर आलेलं दिसतच होतं, शेजारणीने कुंपणावरून मान काढावी तसं. चांगलं पातं सरळ निघालं. त्या वाकड्याची पाचर, म्हणजे पात्याला खाचेत दाबून धरणारी लोखंडी पट्टी, उचलली, तर तिच्या पाठीला पिवळा चपटा ठिपका चिकटलेला. यूसुफभाईंनी नखाने खरवडला. बोटांत चुरला.

"वहिनी, तांदूळ आहे हा. हळदीचा."

मी पाचर हातात घेतली. अक्षता.

खंडेनवमीला हे दर वर्षी पाचरी सैल करतात, ब्लॉक रॉकेलने धुतात, मग पूजा. दसऱ्याला मशीनला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी बोल्ट आवळायचे आणि सुरू. या वर्षीही तसंच. पाचरी सैल, आणि वरून सा.बां.ची भरली मूठ अक्षता. एक दाणा आत उतरला. ह्यांनी बोल्ट आवळले ते पोलादावर नाही, दाण्यावर. मशीन तापलं, दाण्याचं पीठ झालं, पाचर ढिली पडली, पातं वर आलं आणि फळी उसळली.

"म्हणजे मिस्तरींचा हात नाही चुकला," यूसुफभाई म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की ही बातमी आता उड्डाण करणार हे मला दिसलं. तेवढ्यात आतून सा.बां.चा आवाज: "सुमे, देवाफुडं वात लावली का न्हाई?"

मी आवाज खाली आणला.

"यूसुफभाई, हे बाहेर जाता कामा नये. म्हातारी मरेल."

"अल्ला कसम, वहिनी." मग जरा थांबून, "जुबेदाला पण नाही?"

"जुबेदाभाभींना पण नाही."

बिचारे घरी गेले ते जुलाबाचं औषध घेतल्यासारखे.

१० नोव्हें., रवि.

पात्यांना धार लावली. दोन्ही सारखी घासावी लागतात, एक हलकं झालं तर ब्लॉक थरथरतो आणि फडताळातली भांडी नाचतात. घासता घासता विचार. सांगावं तर म्हातारीच्या डोक्यावर मुलाचं बोट. न सांगावं तर...

जेवताना हे आपण होऊन बोलले. "हात गेला, सुमन. नजर राहते, हात जातो. फळी उसळणार हे हाताला आधी कळतं. त्या दिवशी कळलंच नाही. काळ्यांना हो म्हणून टाकतो."

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. समोर सा.बा. लसूण सोलत बसलेल्या. जीभ आत घेतली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला ब्रेक लावला. वंगण नसल्यामुळे आवाज झाला असावा, कारण सा.बां.नी वर बघितलं.

१२ नोव्हें., मंगळ.

फराळ. चकल्या तुटतात. माझंही तसंच चाललंय.

यूसुफभाई आले, बसले, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, त्याच तोंडात चकली घातली. अशा तीन-चार चकल्या गेल्या. ह्यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? "पोटात जड आहे, मिस्तरी."

दुपारी सा.बां.नी पुन्हा भाताचं पातेलं सरकवलं. माझा तोल गेला. म्हटलं, "माझ्या हातचा भात गिळवत नसेल तर सरळ सांगा. चऱ्होलीहून तुमच्या भाचीला बोलावते रांधायला."

एरवी त्यांनी परतफेड केली असती. त्यांच्याकडे साठा असतो. आज नुसत्या ताटाकडे बघत राहिल्या. "बरा असतो तुजा भात," म्हणाल्या.

बरा असतो! या घरात काहीतरी फार बिघडलंय.

१६ नोव्हें., शनि.

दिवाळी झाली. काळ्यांचा निरोप: शुक्रवारी येऊन सांगा, नाही तर दुसरा माणूस बघतो. ह्यांनी पांढरा शर्ट धुवायला टाकला. स्टोअरमध्ये पांढरा चालतो. लाकडाच्या कामात कोण घालतंय.

मी शर्ट भिजवला, आणि मग ओल्या हातानेच यूसुफभाईंकडे गेले. म्हटलं, पाती बसवू या. आपण दोघं.

बसवली. म्हणजे खाचेत घातली. पुढे ह्यांची रीत मला नुसती बघून माहीत: मशीनच्या मागच्या टेबलावर सरळ लाकडी पट्टी ठेवायची, ब्लॉक हाताने फिरवायचा. पातं पट्टीला जरासं पुढे ओढून नेतं. किती नेलं त्याची पेन्सिलीने खूण. दोन्ही टोकांना आणि दोन्ही पात्यांना तेवढंच न्यायला हवं. आमचं एक टोक पट्टीला ढकलायचं, दुसरं नुसतं गुदगुल्या करायचं. ठोकलं, तर उलटं. सैल केलं, तर दोन्ही खाली. यूसुफभाई लोखंडाचे मोठे पंडित, पण लाकडी पट्टीपुढे त्यांचे हात टेकले.

"वहिनी, हे मिस्तरींचंच काम. मी लेथचा माणूस, एका टोकाला धरतो नि दुसऱ्या टोकाला विसरतो."

पट्टीवर खुणाच खुणा झाल्या. तशीच टेबलावर ठेवून उठलो.

१७ नोव्हें., रवि.

आज जे झालं ते नीट लिहायला हवं. नीट लिहिता येईलसं वाटत नाही.

हे बाजारात. मी तांदूळ निवडत होते. सा.बा. समोर येऊन बसल्या. सूप ओढून घेतलं, परत सरकवलं.

"म्या भात सोडलाय," म्हणाल्या. "तुज्यावर रागावून न्हाई. त्याचा हात मशिनीला लागंस्तवर."

मी निवडणं थांबवलं.

"अक्षता म्याच टाकल्या ना. मशीन मोकळं होतं, मला काय दिसत न्हवतं व्हय? दुसऱ्या दिशी त्यो पाना घेऊन बसला तवा त्या फटीत पिवळं दिसलं मला. म्हनलं, असू दे, देवाचं हाय. बोलले न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं? इतके दिवस?"

"व्हय."

"मग सांगायचं नाही का? ते तिकडे हात गेला म्हणून..."

"कुनाला सांगू? त्याला सांगाया तोंड न्हाई. तुला सांगाया चार डाव आले. तुज्या तोंडाचं भ्या वाटतं, बाई. तू बोलशील, आन् मग जल्मभर बोलशील."

मी! ज्या बाईला पोस्टमनपासून नगरसेवकापर्यंत कुणापुढे शब्द कमी पडला नाही, ती सुपातले खडे बघत बसली. एकाच दाण्यावर आम्ही दोघी दोन बाजूंनी पांघरूण धरून बसलो होतो, आणि मध्ये तो माणूस पांढरा शर्ट धुवायला टाकत होता. मी म्हातारीला वाचवत होते, आणि म्हातारी माझ्यापासून वाचत होती.

म्हटलं, "मलाही माहीत आहे. पाती काढली तेव्हाच सापडला."

"मंग बोलली न्हाईस ती?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच कुठली तरी नवी सून आहे. मग म्हणाल्या, "उद्या म्याच सांगते त्याला. तू तितं उभी ऱ्हा. मदी बोलू नगस."

१८ नोव्हें., सोम.

सांगितलं. मी उभी होते. मध्ये बोलले नाही, दाराची कडी धरून ठेवली.

माझी कल्पना अशी, की हे हसतील, किंवा चिडतील, किंवा निदान मोठा श्वास सोडतील, आणि मशीन सुरू. कसली कल्पना न् कसलं काय. ऐकून घेतलं. कापलेलं बोट दुसऱ्या हातात धरून बसले.

"आवळायच्या आधी पाचरीवर बोट फिरवून बघायचं असतं," म्हणाले. "बा त्यासाठी कानफटात मारायचा. ते मी केलं नाही."

म्हणजे पुन्हा ह्यांचंच चुकलं! दोन बायकांनी एवढा जीव टाकून दोष दुसरीकडे नेला, ह्यांनी उचलून परत आणला.

मग सा.बां.ना म्हणाले, "तू भात खा."

"तू मशीन लाव."

"ते वेगळं."

"मंग ह्येबी येगळंच."

दोघं एकाच मातीची. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

२० नोव्हें., बुध.

काल काही नाही. काल हे दिवसभर पडवीत फिरत होते. मशीनजवळून जायचे, थांबायचे नाहीत. माझीही दारापर्यंत येरझार. सा.बा. जपमाळ घेऊन, पण मणी जागचा हलत नव्हता.

आज सकाळी चहाचा कप टेकायला जागा शोधत मशीनपाशी आले. टेबलावर ती लाकडी पट्टी. उचलली. पेन्सिलीच्या खुणा बघितल्या. मान वळवून पात्यांकडे बघितलं.

"हे कुणी बसवलंय?"

"मी. आणि यूसुफभाईंनी."

"पातं बसवलंय का खुंटीला टोपी अडकवलीय?"

"जमेल तसं बसवलं."

"हे असं चालू केलं असतं तर?"

"कोण करणार होतं?" म्हटलं. लगेच जीभ चावली. उशीर झाला होता.

माझ्याकडे बघितलं. मग पाना मागितला. मी दिला. पाती काढली. खाचा पुसल्या, फडक्याने, मग ब्रशने, मग पुन्हा फडक्याने. पाचर हातात घेतली आणि तिच्या पाठीवरून ते आखूड बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा उलटं. किती वेळ ते चाललं होतं कुणास ठाऊक. सा.बा. उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या.

मग बसवायला घेतली. बोल्ट मधून बाहेर आवळत गेले, एकदम नाही, जरा हा, जरा तो, पुन्हा पहिला. पट्टी ठेवली, ब्लॉक हाताने फिरवला. पट्टी हलली. दुसरं टोक. तेवढीच हलली. दुसरं पातं. तेवढीच. मला म्हणाले, "धार बरी लावलीयस." ह्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळ.

पट्टा चढवला. बटणापाशी गेले. हात वर नेला.

वीज होती. मी मुद्दाम आतला दिवा लावून बघितला होता.

हात तिथेच राहिला. मग खाली आला. "पट्टा जरा ताणलेला वाटतोय," म्हणाले.

"असेल."

"उद्या गुरुवार."

"हो."

"परवा बघू."

परवा शुक्रवार. काळ्यांकडे जायचं तेही परवाच. पांढरा शर्ट इस्त्री होऊन आलाय, खुंटीवर आहे. सा.बां.नी दुपारी भाकरीच खाल्ली. विचारलं, तर म्हणाल्या, "नुसतं बसवून काय हुतंय? फिरू दे की." मशीनवर चादर मात्र परत घातली नाही ह्यांनी. मी घडी करून आत ठेवली. मग वाटलं, फार आत नको. वरच्याच फळीवर ठेवली.

संध्याकाळी घरात बसवेना. यूसुफभाईंच्या घरी गेले. ते अजून लेथवर होते. जुबेदाभाभी कुणाचा तरी ब्लाउज बेतत होत्या, आणि त्यांची कात्री कापड कापायच्या ऐवजी चघळत होती. म्हटलं, द्या इकडे. दगड पिशवीतच होता. म्हणजे ठरवूनच गेले होते, उगाच कशाला नाकारू. तिथेच खाली बसून दोन्ही पाती पाजवली, खिळ्यात थेंबभर तेल सोडलं. चिंधीवर चालवून दाखवली. चिंधी आवाज न करता दोन झाली.

"या अल्ला! किती झाले, भाभी?"

"यूसुफभाईंनी आधीच दिलेत."

"त्यांनी? कधी? मला तर काही बोलले नाहीत."

"तेच," म्हटलं, आणि चपला घातल्या.